सागवानी जहाजांचा शिल्पकार जमशेटजी वाडिया

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथे राहणाऱ्या नोकरदाराला आपण एका बेटावर राहतो, याचे भान क्वचितच असते. वसईच्या खाडीपासून माहीमच्या खाडीपर्यंत पसरलेले साष्टी बेट रुळांनी आणि पुलांनी चहूकडे इतके जखडले गेले आहे की, त्याचे बेटपण आता नकाशातच शोधावे लागते. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून इंग्रज या बेटाला सॅलसेट म्हणत. या नावाची ३६ तोफांची एक युद्धनौका, म्हणजे त्या काळच्या भाषेत फ्रिगेट, ब्रिटिश आरमारात होती. १८०५ सालच्या जानेवारीत ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. तेव्हा तिचे नाव ‘पिट’ होते. १८०७ मध्ये ते बदलून ‘सॅलसेट’ करण्यात आले. १८०८-०९ च्या हिवाळ्यात ही नौका बाल्टिक समुद्रात बर्फाच्या वेढ्यात सापडली. तिच्या सोबतीच्या ताफ्यातील अनेक जहाजे तेथे गमावली गेली, ही मात्र तरली. १८१० च्या मे महिन्यात कवी बायरन याने दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली, तेव्हा तो याच नौकेचा प्रवासी होता. १८७४ साली मोडीत निघेपर्यंत साष्टीचे नाव जगाच्या समुद्रांवर असे हिंडत होते.

ही नौका बांधली ती जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी. वाडिया म्हटले की मुंबईकराला परळचे रुग्णालय, कापडाची गिरणी किंवा जुन्या स्टंटपटांची चित्रसंस्था आठवते. जहाजे सहसा आठवत नाहीत. वास्तविक वाडिया या आडनावाचा अर्थच जहाजे बांधणारा सुतार असा आहे आणि त्या अर्थाला सर्वाधिक उंचीवर नेणारा पुरुष म्हणून जमशेटजींकडे बोट दाखवावे लागेल.

त्यांची आठवण काढण्यास एक छंदही कारण आहे. शिडाच्या जुन्या जहाजांच्या इतिहासाशी प्रामाणिक अशा प्रतिकृती घडविण्याचा छंद जगभर जोपासला जातो. आपल्याकडे शोकेसमध्ये किंवा टीव्हीवर ठेवलेली शिडाची जहाजे पुष्कळ दिसतात. परंतु त्यातील बहुतेकांचे दोर कोठूनही निघतात आणि कोठेही बांधलेले असतात. खऱ्या प्रतिकृतीत असे चालत नाही. तेथे प्रत्येक दोराला काम असते. डोलकाठीला जागच्या जागी धरून ठेवणारे दोर वेगळे, आणि शिडे व त्यांच्या आडव्या काठ्या फिरविणारे दोर वेगळे. पहिले डांबरात भिजवलेले, म्हणून काळपट, दुसरे फिकट. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावर सुमारे २६ मैल लांबीचा दोर होता असे सांगतात. एकास शहाण्णव या प्रमाणात काम करायचे तर एक इंच जाडीचा दोर जेमतेम पाव मिलिमीटरचा होतो. सुती धाग्याचे केस मेण लावून बसवायचे, तो धागा पीळ देऊन स्वतः वळायचा आणि मग चिमट्याने त्याच्या गाठी मारायच्या. प्रस्तुत वार्ताहराने शाळकरी वयात घाटकोपरच्या एका खोलीत असे एक जहाज करावयास घेतले होते. त्याची तिसरी डोलकाठी आजतागायत उभी राहिलेली नाही.

या छंदात शिरणाऱ्याच्या हाती बहुधा ‘व्हिक्टरी’ किंवा अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाचा संच पडतो. मुंबईत, मुंबईच्याच माणसाने, मलबारच्या सागवानातून बांधलेली जहाजे प्रतिकृतीसाठी तितकीच योग्य आहेत. त्यातील एक तर आजही इंग्लंडच्या पाण्यावर तरंगते आहे, हे अनेकांना माहीत नसते. कागदावर आखलेल्या रेषांवरून लाकडात हुबेहूब आकार उतरविणे हे प्रतिकृती करणाऱ्याचे काम असते. जमशेटजींनी हेच काम आयुष्यभर केले. फरक एवढाच की, त्यांचे जहाज दीडशे फुटांचे असे आणि त्यात चूक झाली तर शेकडो माणसे बुडण्याचा धोका असे.

वाडियांचे मूळ सुरतेचे. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी हे तेथील गोदीत मुकादम होते. त्यांचे काम पाहून ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ च्या सुमारास त्यांना काही सुतारांसह मुंबईस आणले. मुंबईस त्या वेळी बंदर उत्तम होते. पण जहाज पाण्याबाहेर घेऊन त्याचे पोट दुरुस्त करण्याची सोय नव्हती. १७५० साली येथे सुकी गोदी बांधून पूर्ण झाली. आशिया खंडातील अशी ती पहिलीच गोदी मानली जाते. १७६२ आणि १७६५ मध्ये तिला जोडून आणखी दोन गोद्या झाल्या. मुंबईची भरती-ओहोटी मोठी असते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी काढून दरवाजे बंद करायचे आणि काम संपले की पुन्हा भरतीच्या पाण्यावरच त्याला बाहेर सोडायचे, अशी ही व्यवस्था होती. निसर्गाने दिलेल्या या सोयीचा लवजींनी पुरेपूर उपयोग केला.

जमशेटजींचा जन्म १७५४ च्या सुमारास झाला. ते पाळण्यात असतानाच, १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या पायथ्याशी आंग्र्यांचे आरमार जळाले. कोकण किनाऱ्यावर गुराबा आणि गलबते बांधणाऱ्या मराठी आरमाराचा तो अस्तकाळ होता आणि मुंबईच्या गोदीचा उदयकाळ. हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा नाही, परंतु तो नजरेआड करता येणार नाही.

घरात मुख्य कारागिराचे पद असले तरी नातवांना ते आयते मिळाले नाही. लवजींनी फ्रामजी मानकजी आणि जमशेटजी बोमनजी या आपल्या दोन नातवांना महिना बारा रुपयांवर साध्या सुतारांच्या रांगेत उभे केले, अशी नोंद त्या काळच्या इंग्रजी लेखकांनी करून ठेवली आहे. वाकस आणि करवत हातात घेऊन, मलबारातून आलेले ओंडके निवडत ही मुले मोठी झाली. जहाजाच्या फासळीसाठी सरळ लाकूड वाकवून भागत नाही. ज्या फांदीची वळणे निसर्गतःच फासळीसारखी आहेत, ती हेरावी लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही. लवजी १७७४ साली निवर्तले. चार दशके कंपनीची जहाजे बांधणाऱ्या या माणसाच्या मागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये एवढीच मालमत्ता होती. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला आणि त्याबरोबर साष्टीही त्यांच्या हाती गेली. पुढे तीस वर्षांनी एका नौकेला या बेटाचे नाव मिळाले, त्याची पार्श्वभूमी ही अशी आहे.

लवजींनंतर त्यांचे पुत्र मानकजी आणि बोमनजी यांनी गोदी सांभाळली. १७९२ पर्यंत दोघेही वारले आणि कारभार फ्रामजी व जमशेटजी या चुलतभावांकडे आला. १८०४ मध्ये फ्रामजींचे निधन झाल्यावर गोदीचा मुख्य भार जमशेटजींच्या खांद्यावर पडला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. नावाजलेली बहुतेक सारी कामे त्यांच्या हातून यानंतरच्या सतरा वर्षांत झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

घराण्यातील सारेच काही सुतारकामात राहिले नाहीत. जमशेटजींचे धाकटे बंधू होरमसजी व्यापारात शिरले. १८०८ साली सरकारने त्यांच्याकडून अपोलो गेटजवळची एक जागा घेतली आणि तिच्या बदल्यात त्यांना कुर्ला व इतर सहा गावे दिली. मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर ही ती गावे होत. आज ज्या सहारला विमाने उतरतात आणि ज्या असल्फ्यावरून मेट्रो धावते, ती गावे एके काळी या जहाजबांधणाऱ्या घराण्याच्या ताब्यात होती.

जमशेटजींच्या आयुष्याला वळण देणारी घटना युरोपात घडत होती. फ्रान्सबरोबरच्या प्रदीर्घ युद्धाने ब्रिटनची ओकची जंगले ओरबाडून काढली होती. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे दोन हजार ओक वृक्ष लागतात, असा त्या वेळचा हिशेब होता. आरमाराला लाकूड हवे होते आणि मलबारात सागवान होते. ओक आणि सागवान यांच्यात गुणाचाही फरक आहे. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, त्यामुळे जहाज आतून सैल होत जाते. सागवानातले तेल उलट लोखंडाचे रक्षण करते आणि किडीलाही दूर ठेवते. विल्यम टेलर मनी नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८११ मध्ये मुंबईतील जहाजबांधणीची बाजू मांडणारे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. ओकची जहाजे बारा-पंधरा वर्षांत थकतात आणि सागवानी जहाजे पन्नास वर्षे टिकतात, असे मुंबईच्या बाजूने तेव्हा हिरिरीने सांगितले जाई. त्यात वकिली थोडी होती हे मान्य केले, तरी पुढच्या इतिहासाने हा हिशेब उलट कमीच ठरविला.

बांधण्याची पद्धतही वेगळी होती. पश्चिम किनाऱ्यावरील कारागीर जहाजाच्या फळ्या नुसत्या एकमेकींना भिडवीत नसत. एकीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत बसवीत आणि मध्ये कापूस व राळ भरीत. असा सांधा बाहेरून दिसतही नाही. काम संथ होते, मजुरी जास्त लागे, पण पाणी आत येत नसे. कील, म्हणजे जहाजाचा कणा, बसविताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याची पारशी प्रथा वाडियांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. दोर वळण्याची जागाही किल्ल्याच्या आतच होती. काळा घोडा परिसरातील रोप वॉक लेन या गल्लीचे नाव त्यावरून पडले आहे. दोर वळावयाचा तर तो लांबच लांब ताणून, पीळ देत चालत जावे लागते. म्हणून दोरकामाच्या जागा नेहमी अशा चिंचोळ्या आणि लांब असत. चित्रप्रदर्शने पाहण्यास उपनगरातून जाणाऱ्या रसिकांनी या गल्लीच्या पाटीकडे एकदा मान वर करून पाहावे.

‘सॅलसेट’ने मुंबईच्या गोदीबद्दल विश्वास निर्माण केला. मात्र फ्रिगेट ही तुलनेने छोटी नौका. समुद्रावरील मोठ्या लढाया रांगेत उभ्या राहणाऱ्या ७४ तोफांच्या दोनमजली जहाजांनी लढल्या जात आणि असे जहाज ब्रिटनबाहेर बांधून घेण्यास आरमाराचे अधिकारी सहजी तयार नव्हते. त्यांनी येथे एखादा इंग्रज कारागीर धाडण्याचा विचार प्रथम केला होता आणि जमशेटजींची कामगिरी कळल्यावर तो सोडून दिला, असे सांगतात. एवढे मोठे जहाज मावेल अशी गोदी मुंबईत नव्हती. ती बांधण्यात आली आणि गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे नाव तिला देण्यात आले.

मंगळवार, दि. १९ जून १८१० रोजी ऐन पावसाळ्यात, भरतीच्या वेळी, या नव्या गोदीतून ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज पाण्यावर तरंगत बाहेर आले. गव्हर्नर डंकन यांनी त्याच्यावर रिवाजाप्रमाणे बाटली फोडली. सुमारे १७० फूट लांबीचे हे जहाज. आधी बांधून ठेवलेल्या नौका आणि ही नौका यांच्यात आकाराचा फरक होताच, परंतु त्याहून मोठा फरक जबाबदारीचा होता. हे जहाज पहिल्या वादळात सैल झाले असते, तर मुंबईच्या गोदीला पुन्हा कोणी असे काम दिले नसते. तसे झाले नाही. अमेरिकेचे राष्ट्रगीत ‘मिंडेन’च्या डेकवर लिहिले गेले, अशी एक आख्यायिका मुंबईत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. संशोधकांना ती मान्य नाही. १८१४ मध्ये तो कवी वेगळ्याच नौकेवर होता आणि ‘मिंडेन’ पूर्वेकडच्या समुद्रात. या जहाजाला अशा उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

‘मिंडेन’नंतर १८१३ च्या मे महिन्यात त्याच जातीचे ‘कॉर्नवॉलिस’ उतरले. त्याच्या बांधणीवर खूष होऊन आरमाराच्या अधिकाऱ्यांनी जमशेटजींना चांदीचे पात्र भेट पाठविले. १८४२ साली चीनला हाँगकाँग गमवावे लागले, तो नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. कारागिराच्या हातून निघालेली वस्तू पुढे कोणाच्या हाती पडावी, हे कारागिराच्या हाती नसते.

याच सुमारास जो प्रसंग घडला तो प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ‘वेलस्ली’ हे पुढील जहाज वेगळ्या आराखड्यानुसार बांधावे असे लंडनने ठरविले आणि त्याचे नकाशे ‘जावा’ या फ्रिगेटवरून मुंबईस रवाना केले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठून जिंकले आणि नकाशे गेले. जमशेटजी थांबले नाहीत. नुकत्याच पाण्यात सोडलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या रेषा त्यांच्यापाशी होत्या. त्यावरून त्यांनी ‘वेलस्ली’ उभे केले आणि १८१५ च्या फेब्रुवारीत ते उतरविले. जगभरच्या छंदिष्टांनी ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या प्रतिकृती हजारोंनी केल्या, त्या जहाजाचा मुंबईच्या गोदीशी आलेला संबंध हा असा आहे. ‘वेलस्ली’ला मात्र सव्वाशे वर्षांचे आयुष्य लाभले. सप्टेंबर १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने ते बुडाले, तेव्हा ते मुलांचे प्रशिक्षण जहाज म्हणून वापरात होते. शिडांच्या युगातील युद्धनौका विमानाच्या बाँबने बुडावी, हे इतिहासातील एक विलक्षण दृश्य म्हटले पाहिजे.

जमशेटजींच्या कीर्तीमुळे सारेच आनंदले नव्हते. थेम्सकाठच्या जहाज कारखानदारांनी भारतात बांधलेल्या जहाजांविरुद्ध ओरड सुरू केली. इंग्लंडमधील सुतारांच्या तोंडचा घास जाईल, असा त्यांचा दावा होता. १८१४ मध्ये हा विषय संसदेच्या समितीपुढे गेला आणि भारतीय बांधणीच्या व्यापारी जहाजांवर व त्यावरील खलाशांवर नंतरच्या काळात बंधने आली. आरमाराची गरज होती तोवर युद्धनौकांचे काम चालू राहिले. कारागिरी उत्तम असूनही बाजार बंद करता येतो, हा धडा मुंबईने तेव्हाच घेतला.

गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाच्या वाट्याला येणारी हेटाळणी जमशेटजींच्याही वाट्याला आली असणारच. त्याची साक्ष देणारी एक हकिगत वाडिया घराण्यात सांगितली जाते. १८०० साली ‘कॉर्नवॉलिस’ याच नावाची एक आधीची नौका बांधताना त्यांनी तिच्या पोटातील तुळईवर, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, एक वाक्य कोरून ठेवले. गोरे लोक ज्या शिवीने आपला उल्लेख करतात, त्या शिवीच्या धन्यानेच हे जहाज बांधले आहे, अशा आशयाचे ते वाक्य होते. अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीस आले तेव्हा ते उजेडात आले, असे म्हणतात. मानमरातब, शाली आणि चांदीची भेट स्वीकारणाऱ्या या शांत माणसाच्या मनात काय चालले होते, ते या हकिगतीत दिसते.

ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात त्यांचे एक तैलचित्र आहे. पारशी पोषाख, कमरेला चांदीची मोजपट्टी, हाती जहाजाचा आराखडा आणि मागे खिडकीतून दिसणारी ‘मिंडेन’. त्या काळी चित्र काढवून घेणारे श्रीमंत लोक तलवार किंवा हुक्का जवळ बाळगीत. यांनी मोजपट्टी बाळगली.

आता ज्या जहाजामुळे जमशेटजींचे काम आजही प्रत्यक्ष पाहता येते, त्याकडे वळू. ‘त्रिंकोमाली’ ही ४६ तोफांची फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिला २३ हजार पौंड खर्च आला. तिच्या रेषांचे मूळ फ्रेंच आहे. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिची मापे घेऊन आरमाराने आराखडा केला आणि त्याच आराखड्यावर अनेक फ्रिगेटी बांधल्या. फ्रेंच रेषा, इंग्रजी नकाशा, मलबारी सागवान आणि मुंबईचा हात, असा हा संगम. १८१९ च्या एप्रिलअखेर ती पोर्टस्मथला पोहोचली, वाटेत सेंट हेलेना बेटावर थांबून. त्या वेळी नेपोलियन तेथे कैदेत होता. तोवर युद्ध संपले होते. नवीकोरी नौका छप्पर घालून नुसती उभी करून ठेवण्यात आली, ती थेट १८४५ पर्यंत. ओकची असती तर ती जागीच कुजली असती.

पुढे तिने दहा वर्षे उत्तर अमेरिकेच्या आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर सेवा केली. १८९७ मध्ये ती मोडीत विकली गेली होती. एका हौशी सद्‌गृहस्थाने विकत घेऊन तिला ‘फूद्रॉयां’ या नावाने मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आणले. १९८७ मध्ये ती उत्तर इंग्लंडमधील हार्टलपूलला नेण्यात आली. दहाहून अधिक वर्षे चाललेले दुरुस्तीचे काम २००१ मध्ये संपले. मधल्या काळात तिचे मूळ नाव तिला परत मिळाले होते. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका तीच. ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी असली तरी ती सुक्या गोदीत आहे. तिच्या पोटात उतरले की मुंबईत घडविलेले सागवान हाताला लागते.

येथे प्रतिकृती करणाऱ्यांनी सावध व्हावयास हवे. हार्टलपूलची छायाचित्रे पुढे ठेवून ‘त्रिंकोमाली’ करावयास घेतली, तर ती जमशेटजींची होणार नाही. १८४५ नंतरच्या फेरबदलात तिच्या तोफा कमी करून २६ वर आणल्या गेल्या आणि जहाजाची मागची बाजू, जी मुळात चौकोनी होती, ती गोलाकार करण्यात आली. मुंबईतून निघालेली नौका हवी असेल तर मागची बाजू सपाट, खिडक्यांची रांग सरळ आणि तोफा ४६ असावयास हव्यात. इतिहासाशी प्रामाणिक राहणे म्हणजे आधी साल ठरविणे.

दुसरी अडचण लाकडाची. खरे जहाज सागवानी आहे म्हणून प्रतिकृतीही सागवानाची करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. सागाच्या रेषा जाड असतात. जहाज शंभर पटींनी लहान होते, पण लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत, त्यामुळे फळी फळीसारखी न दिसता ओंडक्यासारखी दिसते. बारीक पोताचे लाकूड घेऊन त्याला सागाचा रंग देणे हाच मार्ग. जागेचाही विचार आहे. ‘त्रिंकोमाली’चा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांबीचा आहे. एकास अठ्ठेचाळीस या संग्रहालयांच्या आवडत्या प्रमाणात तो तीन फुटांहून अधिक होतो. पुढे निघालेली काठी धरली तर याहून बराच मोठा. उपनगरातील वन-रूम-किचनमध्ये एवढे जहाज आणावयाचे म्हणजे घरातील कोणाला तरी बाहेर झोपावे लागेल. एकास शहाण्णव घेतले तर तोच मजला पावणेएकोणीस इंचांत बसतो.

‘त्रिंकोमाली’ उतरली त्या वर्षी जमशेटजी साठी ओलांडून गेले होते. त्याच १८१७ सालच्या फेब्रुवारीत ‘मेलव्हिल’ आणि पुढील वर्षाच्या अखेरीस ‘मलबार’ ही ७४ तोफांची दोन जहाजे त्यांनी दिली. म्हणजे आठ-नऊ वर्षांत या जातीची पाच जहाजे आणि त्याखेरीज फ्रिगेटी व लहान नौका. एका गोदीतून एवढे काम बाहेर पडत असताना सुतार, लोहार, दोर वळणारे आणि शिडे शिवणारे यांचा तेथे केवढा गजबजाट असेल, याची कल्पना आज लायन गेटच्या बंद फाटकाबाहेर उभे राहून येत नाही. ती जागा आता भारतीय नौदलाच्या गोदीत आहे आणि सामान्य नागरिकांना तेथे सहज प्रवेश नाही.

त्यांच्या मागून पुत्र नवरोजी मुख्य कारागीर झाले. १८२७ मध्ये नाव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण ज्या ‘एशिया’वर होते, ते जहाज नवरोजींच्या कारकिर्दीतले. परंतु वाफेचे युग दाराशी आले होते. १८३८ साली नवरोजींचे पुत्र जहांगीर हे आपल्या एका नातलगासह इंग्लंडला गेले, ते वाफेवरच्या जहाजांची विद्या शिकण्यासाठी. आजोबांच्या काळात नकाशे तिकडून इकडे येत. नातवाला शिकण्यासाठी इकडून तिकडे जावे लागले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जमशेटजींच्या हाती आजवरचे सर्वांत मोठे काम होते. ८४ तोफांचे ते जहाज, नाव ‘गँजेस’, म्हणजे आपली गंगा. कणा बसला, फासळ्या उभ्या राहिल्या, फळ्या चढू लागल्या. जहाज गोदीतच असताना ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जमशेटजींचे निधन झाले. पुढील काम नवरोजींनी पुरे केले. दहा आठवड्यांनी, १० नोव्हेंबर रोजी, ‘गँजेस’ पाण्यात उतरले. १८५७ ते १८६१ या काळात प्रशांत महासागरात सेनापतीचे निशाण वागविणारे ते ब्रिटिश आरमारातील शेवटचे शिडाचे जहाज ठरले. ते मोडण्यात आले १९३० साली, प्लिमथ येथे.